खासगी रुग्णालयांवर सरकारचे नियंत्रण: महाराष्ट्रातील रुग्ण व नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खासगी रुग्णालयाविषयी तक्रार घेऊन निघालेला माणूस बहुधा चुकीच्या दारात जातो. पोलीस त्याला महापालिकेकडे पाठवतात, महापालिका वैद्यक परिषदेकडे बोट दाखवते आणि परिषद म्हणते की बिलाचा विषय आमच्याकडे येत नाही. यात प्रत्येक जण आपापल्या कायद्यापुरते खरेच सांगत असतो, कारण खासगी आरोग्यसेवेवर नियंत्रण ठेवणारा एकच कायदा किंवा एकच अधिकारी महाराष्ट्रात नाही. कोणता प्रश्न कोणत्या कायद्यात बसतो आणि त्यासाठी कोणाकडे जावे, हे सांगण्यासाठी पुढील प्रश्नोत्तरे आहेत.

प्रश्न: खासगी रुग्णालय चालवण्यासाठी परवाना लागतो का? तो कोण देते?

लागतो. ज्या ठिकाणी रुग्णांना दाखल करून घेऊन उपचार व शुश्रूषा केली जाते, त्या प्रत्येक खासगी रुग्णालयाची, नर्सिंग होमची आणि प्रसूतिगृहाची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली बंधनकारक आहे. हा कायदा 1949 चा, म्हणजे मुंबई राज्याच्या काळातला आहे. महापालिका हद्दीत ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. हद्दीबाहेर त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयात जावे लागते. कायद्याच्या भाषेत या अधिकाऱ्याला स्थानिक पर्यवेक्षण प्राधिकारी म्हणतात. तक्रार अर्ज त्याच्याच नावे लिहायचा असतो, म्हणून हा शब्द लक्षात ठेवलेला बरा.

नोंदणीची मुदत तीन वर्षांची असते आणि ती 31 मार्च रोजी संपते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असायला हवे. ते पाहताना केवळ शिक्का पाहून थांबू नये. किती खाटांसाठी नोंदणी आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे, या दोन गोष्टी वाचाव्यात. पंधरा खाटांच्या प्रमाणपत्रावर तीस खाटा मांडलेल्या असतील, तर तो नोंदणीच्या अटींचा भंग आहे आणि तेवढ्यावरही तक्रार करता येते.

प्रश्न: मग गल्लीतल्या दवाखान्यालाही हा कायदा लागू होतो का?

होत नाही, आणि व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी फट आहे. जिथे खाट नाही, केवळ तपासून औषध दिले जाते, अशी क्लिनिके शुश्रूषागृह कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. तेथे डॉक्टरची वैयक्तिक नोंदणी तपासता येते, परंतु जागा, स्वच्छता, उपकरणे किंवा कर्मचारी यांवर या कायद्याचे लक्ष नाही. पॅथॉलॉजी लॅबच्या बाबतीत स्थिती आणखी विचित्र आहे, कारण राज्यात लॅबसाठी स्वतंत्र नोंदणी कायदाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे स्पष्ट केले. तरीही ती सही करणारा डॉक्टर प्रत्यक्ष लॅबमध्ये येतो की नाही, हे नियमितपणे पाहणारी यंत्रणा नाही.

प्रश्न: केंद्र सरकारचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्रात लागू आहे का?

नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्यामुळे हा केंद्रीय कायदा प्रत्येक राज्याने आपल्या विधिमंडळात ठराव करून स्वीकारावा लागतो. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड अशा राज्यांनी तो स्वीकारला, महाराष्ट्राने स्वीकारला नाही. राज्याचा स्वतंत्र कायदा करण्यासाठी समिती नेमली गेली, मसुदाही तयार झाला, पण तो विधिमंडळातून पार पडला नाही. केंद्रीय कायद्यात दवाखाने आणि लॅबही येतात. म्हणजे वर सांगितलेली फट बुजवण्याचा मार्ग कागदावर उपलब्ध आहे, पण सरकारने तो धरलेला नाही. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा की मोठ्या रुग्णालयांचे निकष लहान दवाखान्यांना लावल्यास ते बंद पडतील आणि इन्स्पेक्टर राज सुरू होईल. या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः तालुक्याच्या गावी पती-पत्नी मिळून चालवत असलेल्या दहा खाटांच्या रुग्णालयांबाबत. मात्र त्यावरचा उपाय लहान संस्थांसाठी वेगळे निकष करणे हा आहे, नियमनच न करणे हा नव्हे.

प्रश्न: 2021 च्या नियमांनी रुग्णांना नेमके काय दिले?

शुश्रूषागृह कायद्याखालील 1973 च्या जुन्या नियमांमध्ये राज्य सरकारने जानेवारी 2021 मध्ये मोठी सुधारणा केली. त्यानुसार प्रत्येक नोंदणीकृत शुश्रूषागृहाने रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे आणि दरपत्रकही लोकांना पाहता येईल असे ठेवायचे आहे. दरपत्रकात दाखल करून घेण्याचे शुल्क, खाटेचा आणि अतिदक्षता विभागाचा रोजचा दर, शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शुश्रूषा शुल्क, ऑक्सिजन, एक्स-रे, सोनोग्राफी अशा बाबी याव्या लागतात. स्थानिक प्राधिकाऱ्याने तक्रार निवारण कक्ष चालवावा आणि त्याचा टोल फ्री क्रमांक रुग्णालयात लावलेला असावा, असेही नियम सांगतात.

सनदेतील हक्क थोडक्यात असे: आजाराची व उपचाराची माहिती मिळणे, संमतीशिवाय उपचार न होणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येणे, खासगीपणा जपला जाणे, पुरुष डॉक्टर महिला रुग्णाला तपासत असताना महिला व्यक्ती उपस्थित असणे, एचआयव्ही बाधित असल्यामुळे भेदभाव न होणे आणि तपशीलवार बिल मिळणे.

फलक लावलेला नसेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. म्हणजे ज्या भिंतीवर तो असायला हवा होता त्या स्वागतकक्षाचा, तारखेसह. तक्रारीसोबत जोडायला यापेक्षा सोपा पुरावा नाही.

प्रश्न: सरकार खासगी रुग्णालयांचे दर ठरवू शकते का?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना निराश करते. महाराष्ट्रात दर जाहीर करणे सक्तीचे आहे, पण दर किती असावा हे रुग्णालयच ठरवते. जाहीर दरापेक्षा जास्त आकारले तर तक्रार करता येते. जाहीर दरच अवाच्या सवा असेल तर शुश्रूषागृह कायद्यात त्यावर इलाज नाही.

याला अपवाद झाला तो कोविडच्या काळात. 21 मे 2020 च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटा नियंत्रित दरांखाली आणल्या. विलगीकरण कक्षासाठी दिवसाला 4,000 रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी 7,500 रुपये आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये अशी कमाल मर्यादा ठरली. महागडी औषधे आणि पीपीई किट त्यात धरलेले नव्हते, आणि बिले फुगली ती प्रामुख्याने तिथेच. महापालिकांनी लेखापरीक्षक बसवून बिले तपासली आणि अनेकांना पैसे परत मिळाले. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर बिल तपासण्याची यंत्रणा उभी राहू शकते, हे तेव्हा दिसले. परंतु तो अधिकार साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्यांतून आलेला होता. कोविड नसलेल्या रुग्णांचे दरही ठरवण्याचा राज्याचा प्रयत्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2020 मध्ये अमान्य केला.

काही वस्तूंच्या किमतींवर मात्र देशभर नियंत्रण आहे. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयातील स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली. तेव्हा साध्या स्टेंटसाठी 7,260 रुपये आणि औषधयुक्त स्टेंटसाठी 29,600 रुपये, कर वगळून, अशी कमाल किंमत ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीही मर्यादेत आल्या. या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या दिवशीची किंमत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावी. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहून मागावा. अनुभव असा आहे की वस्तूची किंमत बांधली की शस्त्रक्रियेचे पॅकेज दुसऱ्या बाजूने फुगते, आणि तिथे पुन्हा कोणाचेच बंधन नसते.

प्रश्न: औषधे रुग्णालयातल्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येते का?

नाही. चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानातून औषध आणण्याचा रुग्णाला अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय मार्च 2025 मध्ये आला, तेव्हा न्यायालयाने सरसकट आदेश न देता धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. त्यानंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, येथूनच औषध घेणे बंधनकारक नाही, असा फलक लावण्याच्या सूचना रुग्णालयांना दिल्या. व्यवहारात अडचण येते ती अतिदक्षता विभागात. तेथे नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी येतच नाही. औषधे थेट वर जातात आणि बिलात एकत्र दिसतात. अशा वेळी रोज संध्याकाळी त्या दिवसाचे औषधांचे बिल आणि न वापरलेल्या वस्तू परत केल्याची नोंद मागावी. ग्लोव्हज, सिरिंज, डायपर अशा नगण्य वाटणाऱ्या ओळींची बेरीज आठ-दहा दिवसांत डोळे विस्फारायला लावते.

प्रश्न: तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट भरल्याशिवाय घेतच नाहीत. हे कायदेशीर आहे का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठीही त्यात दिरंगाई चालणार नाही. 2021 चे नियमही तातडीच्या रुग्णाला प्राथमिक जीवरक्षक उपचार देण्याचे बंधन घालतात. पुढील सोय नसेल तर रुग्णाला स्थिर करून, केलेल्या उपचारांच्या टिपणासह दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचे असते. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा वाद राज्यभर गाजला. त्यानंतर रुग्णालयांना याच नियमांची पुन्हा आठवण करून देण्यात आली. नियम नवा नव्हताच.

मात्र ही हमी तातडीच्या उपचारांपुरती आहे. आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाने आगाऊ रक्कम मागणे बेकायदा नाही.

प्रश्न: बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येते का?

येत नाही. थकलेले बिल ही दिवाणी स्वरूपाची येणे रक्कम आहे आणि तिच्या वसुलीसाठी रुग्णालयाला दिवाणी न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे. पैशांसाठी माणूस अडवणे बेकायदा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले आहे. भारतीय न्याय संहितेतील अन्यायकारक अटकाव व बंदिवास यांची कलमे, 126 आणि 127, इथे लागू पडू शकतात. अशा प्रसंगी वाद न घालता 112 वर फोन करावा आणि स्थानिक पर्यवेक्षण प्राधिकाऱ्याला लगेच लेखी कळवावे. बिल मान्य नसेल तर बिलावरच, रक्कम विवादित असून ती हक्क राखून भरत आहे, असे लिहून सही करावी. पुढे ग्राहक आयोगात या एका ओळीचा उपयोग होतो.

एक गोष्ट नातेवाइकांना सांगितलीच पाहिजे. डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयाच्या मालमत्तेवर हात उचलल्यास 2010 च्या राज्य कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. रागाच्या भरात फोडलेली एक काच पुढची खरी तक्रारही कमकुवत करते.

प्रश्न: धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी राखीव खाटा असतात म्हणे. त्या मिळवायच्या कशा?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41अअ खाली येणाऱ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशातून 2006 मध्ये ही योजना आकाराला आली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असल्यास उपचार मोफत आणि 3,60,000 रुपयांपर्यंत असल्यास निम्म्या दरात मिळतात. यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते.

खाटा असतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, ही वस्तुस्थिती आहे. दाखल करतानाच रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका व आधार यांच्या प्रती लेखी अर्जासोबत द्याव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. खाटा भरल्याचे उत्तर मिळाले तर तेही लेखी मागावे. लेखी म्हटले की बहुतेकदा एखादी खाट रिकामी निघते. तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करावी. या तक्रारीसाठी महापालिका किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे जाण्याचा उपयोग नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सामील असलेल्या रुग्णालयाने योजनेतील उपचारासाठी वर पैसे मागितले, तर ती तक्रार वेगळी. ती 155388 या क्रमांकावर किंवा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे नोंदवावी.

प्रश्न: केस पेपर मागितले तर रुग्णालय नाही म्हणते. काय करावे?

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास 72 तासांत प्रती द्यायच्या असतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2023 मध्ये नवी नियमावली आणली होती, पण काही आठवड्यांतच ती स्थगित झाली. त्यामुळे आजही 2002 चेच नियम चालतात. मागणी तोंडी करू नये. पुढील मजकूर पुरेसा आहे:

«मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात दाखल होतो. माझे संपूर्ण केस पेपर, शुश्रूषा नोंदी, भूल व शस्त्रक्रियेच्या नोंदी, संमतीपत्रे आणि तपासण्यांचे अहवाल यांच्या छायांकित प्रती 72 तासांत द्याव्यात. नियमाप्रमाणे होणारे झेरॉक्सचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.»

केवळ डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नये. दर तासाला नाडी, रक्तदाब आणि औषधे लिहिलेली शुश्रूषा नोंदवही बहुतेक प्रकरणांत अधिक बोलते.

प्रश्न: डॉक्टर खरा आहे की बोगस, हे कसे ओळखावे?

ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आयुर्वेद व युनानीची महाराष्ट्र भारतीय चिकित्सापद्धती परिषदेकडे आणि होमिओपॅथीची स्वतंत्र परिषदेकडे असते. वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येतो. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, म्हणून क्रमांकाबरोबर मुदतही पाहावी. नोंदणीच नसलेल्या व्यक्तीविरुद्ध महापालिका किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. अशा प्रकरणात पोलिसांत गुन्हा दाखल होतो.

कोण काय करू शकतो, ही सीमारेषा किती महत्त्वाची आहे हे सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मार्च 2017 मध्ये दिसले. एका होमिओपॅथीच्या डॉक्टरच्या रुग्णालयाजवळ 19 भ्रूण पुरलेले सापडले. गर्भपाताची परवानगी 1971 च्या कायद्याखाली ठिकाण आणि डॉक्टर या दोहोंना लागते. लिंगनिदान 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, 1988 मध्येच, असा कायदा केला होता. तरीही एका छोट्या गावातल्या इमारतीत काय चालले आहे, हे एका महिलेचा जीव गेल्यावरच तपासले गेले.

प्रश्न: उपचारात हलगर्जीपणा झाला असे वाटते. पोलीस, वैद्यक परिषद की ग्राहक आयोग?

तुम्हाला काय हवे आहे त्यावर हे अवलंबून आहे. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. भरलेली रक्कम 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची आहे, आणि आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो.

डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई हवी असेल तर वैद्यक परिषद. ती नाव काही काळ किंवा कायमचे वगळू शकते, भरपाई देऊ शकत नाही. परिषदेचा निर्णय विरोधात गेला तर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात डॉक्टरला अपिलाची तरतूद आहे, रुग्णाला नाही. ही विषमता उघड आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

फौजदारी गुन्ह्यासाठी निकष सर्वांत कडक आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हायला हवा आणि त्यापूर्वी निःपक्ष तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे, असे सांगितले. त्यामुळे पोलीस तक्रार घेऊन ती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडे पाठवतात. अहवाल यायला वेळ लागतो आणि तोवर ग्राहक आयोगाची दोन वर्षे संपत जातात, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न: आगीची सुरक्षा, जैववैद्यकीय कचरा, एक्स-रे हे सगळे कोण पाहते?

आगीसाठी 2006 चा राज्य कायदा आहे. त्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ब, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यावे लागते. एप्रिल 2021 मध्ये विरार येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून डझनाहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर राज्यभर तपासण्या झाल्या. कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, तर एक्स-रे व सीटी स्कॅनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ.

प्रश्न: आम्ही सीमाभागात राहतो आणि उपचारासाठी बेळगाव किंवा गोव्याला जातो. तिथे कोणता कायदा?

जिथे रुग्णालय आहे तिथला. कर्नाटकात 2007 चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा आहे आणि त्यात दवाखाने व लॅबही येतात. म्हणून चंदगड किंवा गडहिंग्लजहून बेळगावला गेलेल्या रुग्णाने तक्रार बेळगाव जिल्ह्याच्या नोंदणी प्राधिकरणाकडे करावी, कोल्हापूरला नव्हे. गोव्याने 2019 मध्ये स्वतःचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला आहे. ग्राहक आयोगात मात्र आपल्या जिल्ह्यातूनच दावा लावता येतो.

प्रश्न: खासगी रुग्णालयाची माहिती माहिती अधिकारात मिळते का?

खासगी रुग्णालयाला थेट अर्ज करता येत नाही. परंतु त्याची नोंदणी करणारे कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि त्या कार्यालयाला कायद्याने जी माहिती रुग्णालयाकडून घेता येते ती माहितीही अधिनियमाच्या कक्षेत येते. महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात चार गोष्टी मागाव्यात: नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मागील तीन वर्षांतील तपासणी अहवाल, रुग्णालयाने सादर केलेले दरपत्रक आणि आलेल्या तक्रारींवर केलेली कार्यवाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. तपासणी अहवाल उपलब्ध नाही, असे उत्तर आले तर तेच आपल्या तक्रारीला जोडावे आणि प्रत आयुक्तांना पाठवावी.